घराण्याची चौकशी

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा फराळाचे डबे निम्मे झाले असतील आणि चिवड्यातले दाणे कुणी वेचून खाल्ले याची घरोघर चौकशी चालली असेल. ती चौकशी निरुपद्रवी. पण दिवाळी सरली की दहाबारा दिवसांत तुळशीचे लग्न लागते, आणि तुळशीचे लागले की माणसांची जमवायला मंडळी मोकळी होतात. मग जी चौकशी सुरू होते तिच्याविषयी मला लिहायचे आहे.

मुलाचा पगार किती, मुलगी कुठवर शिकली, घर स्वतःचे की भाड्याचे, हे सारे समोरासमोर बसून, पोह्यांची बशी हातात धरून विचारता येते. एक प्रश्न मात्र कधी तोंडावर विचारीत नाहीत. तो शेजारणीला विचारतात, कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारतात, ओळखीच्या कंपाउंडरला विचारतात. आवाज खाली आणून विचारतात, "घराण्यात तसं काही नाही ना?" 'तसं' म्हणजे कसं, हे विचारणारा सांगत नाही आणि ऐकणाराही कधी विचारत नाही.

उत्तर तर आपल्या भाषेने केव्हाच देऊन ठेवले आहे. खाण तशी माती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. मी शाळेत मराठी शिकवतो. या म्हणींचा वाक्यात उपयोग मुलांकडून दरवर्षी करून घेतो, आणि मुलेही बिचारी दरवर्षी डॉक्टरच्या मुलाला डॉक्टर आणि चोराच्या मुलाला चोर करून पैकीच्या पैकी गुण घेऊन जातात. माझ्या आतेबहिणीचे आयुष्य मात्र या एका म्हणीने ठरवून टाकले.

आत्या आमची वाईला असे. वर्षाकाठी तीनचार महिने ती घरात असून नसे. भिंतीकडे तोंड करून निजायची. केस विंचरायचे म्हटले तरी तिला तो डोंगर वाटे. आणि मग एखाद्या पहाटे कुणीतरी आत दिवा लावल्यासारखी उठे. दोन वाजता सारी पितळी भांडी चिंचेने घासून लख्ख. तीन वाजता अंगणात सडा. चार वाजता शेजारपाजारच्या बायकांना हाका. १९८९ सालच्या दिवाळीत मी नऊ वर्षांचा होतो. त्या साली आत्याने हातातली बांगडी गहाण टाकून तूप आणले, तीन दिवस डोळ्याला डोळा न लावता बेसनाचे लाडू वळले, आणि ते डबे घेऊन थेट एसटी स्टँडवर गेली. प्रत्येक ड्रायव्हरच्या, प्रत्येक कंडक्टरच्या हातावर दोन दोन लाडू ठेवले, आणि पुढल्या वर्षी तुमच्या सगळ्यांच्या मुलींसाठी मी शाळा काढणार आहे असे तिथल्या बाकावर उभे राहून जाहीर केले. आम्हां मुलांना तिचा केवढा अभिमान वाटला! मोठी माणसे का रडत आहेत हे आम्हांला कळेना. माघात ती पुन्हा भिंतीकडे वळली.

आजाराचे नाव कळायलाच मुळात अकरा वर्षे गेली होती. देव झाले, अंगारे झाले, हवापालट झाला. १९८३ साली पुण्याच्या एका डॉक्टरांनी तिला नीट तपासले आणि लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या. त्यानंतर ती चांगली सहा वर्षे तुमच्याआमच्यासारखी होती. मग बरेच वाटते म्हणून गोळ्या सोडल्या आणि ते लाडूप्रकरण झाले. या आजाराला आज द्विध्रुवीय विकार म्हणतात. शहरात तर 'बायपोलर' हा शब्द कांदेबटाट्याइतका सहज ऐकू येतो, आणि जरा कुणाचा मिजास बदलला की त्याला लावलाही जातो. ज्याने तो आजार घरात पाहिला आहे त्याला तो शब्द इतका स्वस्तात वापरवत नाही.

आत्याला दोन मुले. थोरला दादा, त्याच्यामागची ताई. ताईला दाखवायचा कार्यक्रम सुरू झाला तो नेमका त्या दिवाळीच्या आगेमागे. रूपाने नीटस, हुशार, हाताला चव. सात स्थळे आली. सातही घरांनी पोहे खाल्ले, वाखाणले, आणि आठवडाभरात सातही घरांतून पोस्टकार्ड आले की पत्रिका जुळत नाही. सात ज्योतिषांचे एकमत व्हावे ही गोष्ट ज्योतिषाच्या इतिहासात दुर्मीळच म्हणायची. आठव्या वेळी ताईने पोहे करायला नकार दिला. पुढे ती पतपेढीत कारकून झाली आणि आईला तिनेच अखेरपर्यंत सांभाळले. दादाचे लग्न मात्र १९९५ साली बँड लावून झाले. त्याची पत्रिका पहिल्याच घरी जुळली. एकाच आईची दोन लेकरे, आईच्या रक्ताचा वाटा दोघांनाही निम्मानिम्माच. पण मुलाच्या बाबतीत वाण्याला कुणी काही विचारले नाही.

त्या सात घरांना जी भीती वाटली तिच्यात खरे किती होते, हा प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षे घोळत होता. माझे शास्त्राचे शिक्षण शाळेतच संपलेले. तरीही मिळेल ते वाचत गेलो, आणि असे दिसले की याच प्रश्नाच्या मागे मोठी मोठी माणसे शंभराहून अधिक वर्षे हिंडत आहेत. त्यांची कथा एखाद्या कादंबरीला लाजवील अशी आहे.

ती युरोपात सुरू होते. १८५४ साली पॅरिसमध्ये फाल्रे आणि बायार्जे या दोन डॉक्टरांनी, उत्साह आणि खिन्नता हे दोन वेगळे आजार नसून एकाच आजाराच्या दोन बाजू आहेत, असे सांगितले; आणि आधी कुणी सांगितले यावरून दोघे भांडत बसले. १८९९ मध्ये क्रेपेलिन या जर्मन पंडिताने या आजाराला इतर वेडांपासून वेगळे काढून उन्माद-खिन्नतेचे वेड असे नाव दिले. हा आजार घराण्यात चालतो असे त्यालाही दिसले होते. १९१७ साली त्याने म्युनिक येथे मनोविकारांच्या संशोधनाची संस्था काढली, आणि वंशावळी तपासणाऱ्या विभागावर एर्न्स्ट रूडिन हा माणूस नेमला.

आपल्याकडची लग्नाची चौकशी शास्त्राच्या अंगरख्यात घातली तर कशी दिसेल, तसे रूडिनचे काम होते. रुग्ण, त्याचे भाऊबंद, आईबाप, सगळ्यांची नोंद. मेंडेलने वाटाण्यांत शोधलेला नियम (तोच, जो आपण शाळेत घोकला) माणसाच्या वेडालाही लागू पडेल अशी त्याची अटकळ होती. १९२२ ते १९२५ या काळात त्याने उन्माद-खिन्नतेच्या रुग्णांच्या घराण्यांचा मोठा अभ्यास केला. आकडे वाटाण्यांच्या नियमात बसेनात. तेव्हा त्याने तो अभ्यास छापलाच नाही. एवढ्यावर गोष्ट थांबती तर एका हट्टी विद्वानाची गोष्ट म्हणून सोडून देता आली असती. पण १९३३ साली हिटलरच्या सरकारने आनुवंशिक म्हणून ठरवलेल्या रोगांच्या माणसांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा केला. त्या रोगांच्या यादीत हा आजार नाव घेऊन घातला होता, आणि त्या कायद्याचे अधिकृत भाष्य लिहिणाऱ्यांत रूडिन होता. स्वतःच्या कपाटात उलट पुरावा ठेवून! त्या कायद्याखाली सुमारे ४ लाख माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या. तो न छापलेला अभ्यास संशोधकांनी उजेडात आणला तो २०१५ साली.

सात पोस्टकार्डांची बरोबरी मी त्या ४ लाखांशी करीत नाही. तशी करणे त्या माणसांचा अपमान होईल. पण ते वाचून झाल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो, एवढे सांगतो.

यानंतरचा अध्याय अमेरिकेतला, आणि तो मला मनापासून आवडतो. पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात आमिश नावाच्या ख्रिस्ती पंथाचे लोक राहतात. मोटार ठेवायची नाही, घरात तारेची वीज घ्यायची नाही, घोड्याच्या गाडीतून हिंडायचे, साधे कपडे घालायचे, शेती करायची. अठराव्या शतकात युरोपातून आलेल्या थोड्या कुटुंबांची ही प्रजा. लग्ने आपापसांत, घरे मुलाबाळांनी भरलेली आणि वंशावळी काटेकोर लिहून ठेवलेल्या. दारू नाही, नशा नाही. तेव्हा आजार झाकला जाण्याची किंवा भलत्याच कारणावर ढकलला जाण्याची भीती कमी. जॅनिस एगलँड या समाजशास्त्रज्ञ बाई त्यांच्यात मिळूनमिसळून होत्या. १९७६ साली त्यांनी तिथल्या मनोविकारांचा अभ्यास हाती घेतला. १८८० पासून १०० वर्षांत त्या समाजात २६ आत्महत्या नोंदल्या होत्या, आणि त्यांतल्या जवळजवळ पाऊणभाग चार घराण्यांत. आमिश लोक आपल्या बोलीत या आजाराविषयी एक वाक्य बोलत. त्याचा अर्थ, 'ते रक्तात आहे.' हे वाचले आणि मला वाईच्या वाड्यातल्या बायकांची कुजबुज ऐकू आली. दोन भाषा, मध्ये एवढा समुद्र, आणि वाक्य एकच.

उन्माद ओळखायचा कसा, याची या बाईंनी त्या समाजापुरती लक्षणे टिपली होती. शहरातला उन्मत्त माणूस दुकानेच्या दुकाने घरी आणील. आमिश माणूस काय करणार? तर घोडा भरधाव पिटाळतो, सार्वजनिक टेलिफोनवर फार वेळ बोलतो, आणि शेतीच्या ऐन हंगामात सहलीचे बेत करतो. हे वाचताना मला हसू आले आणि लगेच लाडूंचे डबे आठवले. उन्मादही माणूस आपल्या संस्काराप्रमाणेच करतो. आमच्या आत्याने तो दान करून केला.

१९८७ च्या फेब्रुवारीत 'नेचर' या शास्त्रीय साप्ताहिकात बातमी आली. ८१ माणसांच्या एका आमिश घराण्यातून रक्ताचे नमुने घेऊन तपासले होते, आणि आजाराचे जनुक अकराव्या गुणसूत्राच्या टोकाशी असल्याचा पुरावा मिळाला होता. जगभर गाजावाजा झाला. वेडाचे जनुक सापडले! रूडिनला जे हवे होते ते जणू हाती आले. पण काळ पुढे सरकला तसे त्या घराण्यात, निरोगी म्हणून मोजलेल्यांपैकी दोघांना आजार झाला. नात्यातली आणखी माणसे तपासली. हिशेब पुन्हा मांडला तर पुरावा जवळजवळ पुसूनच गेला. १९८९ साली तसे छापून आले, त्याच साप्ताहिकात, आणि लिहिणाऱ्यांत पहिल्या शोधातली माणसेही होती. एका कपाटात कुलूप लावून ठेवलेला कागद आणि हा छापलेला कागद शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

मग सापडले काय? तर एक असे काही नाहीच. २००३ साली माणसाच्या पेशीतली सुमारे ३०० कोटी अक्षरांची पोथी वाचून झाली, आणि त्यानंतर घराणी सोडून हजारो, मग लाखो परक्या माणसांच्या पोथ्या ताडून पाहण्याची युक्ती निघाली. आजारी माणसांत अमुक ठिकाणी अमुक अक्षर किंचित जास्त वेळा येते का, एवढेच पाहायचे. २०२१ साली अशी ६४ ठिकाणे हाती लागली होती. २०२५ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १,५८,०३६ रुग्ण होते, तुलनेला २८ लाख माणसे, आणि ठिकाणे निघाली २९८. प्रत्येकाचा प्रभाव इवलासा.

मी मास्तर; मला हे वर्गाच्या भाषेत समजले. साठ मुलांच्या वर्गात गोंगाट होतो तेव्हा ओरडणारा एकच मुलगा क्वचित सापडतो. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या कानात हळूच काही बोलत असतो. ज्याला पकडावे तो खरेच म्हणतो, "सर, मी फक्त पेन्सिल मागितली." या २९८ ठिकाणांचे असेच आहे. त्यांतली काही कुजबुज माझ्यात आहे, वाचक हो, तुमच्यातही आहे, आणि त्या सातही घरांतल्या मंडळींत होती. आवाज एका मर्यादेपलीकडे गेला, वर जागरणाची, धक्क्याची, आणखी कशाकशाची भर पडली, की आजार. एखादा मोठ्याने ओरडणारा मुलगाही कधी असतो. २०२२ मध्ये 'एकेएपी ११' नावाचे एक जनुक सापडले, त्यात मोठा बिघाड असेल तर धोका बराच वाढतो. पण तसा बिघाड फार थोड्या रुग्णांत. रक्त तपासून तुम्हांला हा आजार होईल किंवा होणार नाही असे सांगणारी चाचणी आजही नाही.

या मोजणीतली बहुतेक माणसे युरोपीय वंशाची. आपल्याकडे बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये, ज्या घरांत एकाहून अधिक माणसे आजारी आहेत अशा भारतीय कुटुंबांचा अभ्यास हाती घेतला गेला. ते मला फार आवश्यक काम वाटते. आईसलँडमधल्या एका अभ्यासात तर, ज्यांच्यात या आजाराची कुजबुज जास्त तेच लेखक, नट, गवई यांच्या संस्थांत थोडे अधिक आढळले, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. प्रमाण अगदी किरकोळ आहे. माझ्या कादंबऱ्यांचा खप पाहता माझ्या वाट्याला आलेली कुजबुजही किरकोळच असावी.

आता ताईच्या पोस्टकार्डांचा हिशेब. चार रस्त्यांवरच्या माणसांत हा आजार शंभरात एकदोघांना होतो. ज्यांच्या आईला, वडिलांना किंवा सख्ख्या भावंडाला आहे त्यांच्यात शंभरात सुमारे पाच ते दहा. सारख्या जुळ्यांपैकी एकाला असला तर दुसऱ्याला होण्याचे प्रमाण, निरनिराळ्या अभ्यासांप्रमाणे, शंभरात चाळीस ते सत्तर. म्हणजे अक्षर न् अक्षर तीच पोथी असूनही कित्येक जण सुटतात. तेव्हा रक्ताचा भाग आहे, आणि मोठा आहे. तो नाही असे म्हणणारे लोकही मला भेटले आहेत, त्यांचे मला पटत नाही. पण ताईसारख्या शंभर मुली उभ्या केल्या तर नव्वदांना हा आजार होत नाही. त्या सात घरांनी नव्वदांतली एक नाकारली. ताई आज सत्तावन्न वर्षांची आहे. मनाच्या दुखण्यासाठी तिने अजून एक गोळी घेतलेली नाही.

आजार आला तो दादाच्या मुलाला. दोन वर्षांपूर्वी, पुण्याच्या वसतिगृहात. रात्रीतून कंपनी काढायचे ठरवले, मित्रांकडून पैसे उसने घेतले, सहा सायकली विकत आणल्या. दादावहिनीला वाटले, पोरगा कर्तबगार निघाला. त्याने पहाटे तीनला आत्याला, म्हणजे आमच्या ताईला, फोन केला आणि चाळीस मिनिटे श्वास न घेता बोलला. ताईने फोन ठेवला आणि दादाला उठवले. एवढेच म्हणाली, "हा आईचा आवाज आहे. सकाळची पहिली गाडी धर."

आत्याच्या बाबतीत ज्याला अकरा वर्षे लागली ते नातवाच्या बाबतीत आठ दिवसांत झाले. डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी वही उघडली आणि पहिला प्रश्न विचारला, "घराण्यात कुणाला असं काही होतं का?"

दादाने मान खाली घातली. वहिनीने त्याच्याकडे पाहिले. तिला तोवर सासूच्या आजाराचे पुरते काही सांगितलेलेच नव्हते. मी दाराशी उभा होतो. ताई मात्र सरळ बसली आणि बोलू लागली. पहिल्यांदा कधी, किती दिवस, झोप किती, कुठल्या ऋतूत. मग पिशवीतून तिने कालनिर्णयची जुनी पाने काढली. वीसबावीस वर्षांची. प्रत्येक महिन्याच्या मागे बारीक अक्षरात दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलेले : 'आई आज जेवली.' 'झोप नाही, दुसरी रात्र.' 'गोळी टाळली.' 'आज हसली.' डॉक्टरीण बाई ती पाने उलटत राहिल्या आणि मग त्यांनी जे विचारले ते मला नवे होते. "आजींना लिथियम लागू पडलं होतं?"

त्या प्रश्नामागचे कारण मी घरी येऊन शोधले. लिथियम हा एक साधा क्षार. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टराने त्याचा गुण प्रसिद्ध केला. डेन्मार्कच्या मोगेन्स स्काउ याने पुढची सारी हयात त्याच्या कसोटीत घालवली; त्याच्या सख्ख्या भावाला वारंवार खिन्नतेचे झटके येत, आणि लिथियमनेच तो सावरला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की ज्यांना लिथियम चांगले लागू पडते त्यांच्या आजारी नातलगांनाही ते लागू पडण्याचा संभव इतर रुग्णांच्या जवळजवळ दुप्पट असतो. म्हणजे गुणही रक्तातून येतो! हे मात्र आजवर कुणी वाण्याला विचारले नव्हते.

मुलाला लिथियम दिले आणि ते लागू पडले. त्याचे रक्त ठरावीक दिवसांनी तपासावे लागते. थायरॉइड आणि मूत्रपिंडावरही लक्ष ठेवावे लागते. उन्हाळ्यात पाणी कमी पडू द्यायचे नाही, जेवणातले मीठ एकाएकी तोडायचे नाही. आणि सर्वांत मोठे पथ्य झोपेचे. जागरण झाले की उन्मादाला वाट मिळते. तो परत कॉलेजात जातो, सायकली पाचच विकल्या, एक ठेवली.

गेल्या दिवाळीला सगळे वाईला जमलो होतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे साडेचारला बंब पेटला, उटणे कालवून झाले, पोरे डोळे चोळत पाटावर येऊन बसली. एक पाट रिकामा होता. दादा त्याला उठवायला माडीकडे निघाला, तर ताई जिन्यात उभी.

"अगं, सूर्योदयाच्या आत अंघोळ नाही झाली तर नरकात जातो म्हणतात," दादा म्हणाला.

"रात्री फटाक्यांनी झोपायला त्याला साडेअकरा झाले आहेत," ताई म्हणाली. "आठ वाजता उठेल. तोवर बंब विझू देऊ नकोस. नरकाचं मी बघते."